अर्ध्या घडवलेल्या बाईचा तास

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. त्या दुष्काळात पंचशीला कांबळे कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. अभ्यासक्रमात एक जुनी, भयाण कादंबरी होती. शास्त्रज्ञ प्रेतांचे तुकडे जोडून जीव घडवतो आणि त्याचा चेहरा पाहून पळून जातो. गाईडात एकच अर्थ छापलेला: देवाशी बरोबरी केल्याची शिक्षा. बाई नवे टीकाकार सांगायच्या. कुणाला त्यात आईविना जन्मलेलं मूल दिसलं, कुणाला वसाहतीतला गुलाम. खुद्द बाईंना गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस.

त्या तासानंतर त्यांच्या वर्गातली सिंधु कॉलेजात यायची थांबली. स्टोव्हच्या भडक्यानं तिचा अर्धा चेहरा भाजला होता. मागच्या बाकावरचा एक पोरगा तिला ‘राक्षसीण’ म्हणाला होता. बाईंना हे उशिरा कळलं. रविवारी त्यांनी तिच्या गावची एसटी धरली.

सिंधु टँकरच्या रांगेत भेटली. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

"मास्तरीणबाई, पाण्याला आलाव का पोर पळवायला?" शेजारच्या कस्तुराबाईनं विचारलं.

"पोर न्यायला." बाई हसल्या. "सिंधु, चल परत."

"न्हाई बाई. त्या जिवानं बायको मागितली. शास्त्रज्ञानं ती अर्धी घडवली अन् फाडून टाकली, पुढची पिलावळ कशी निघंल म्हणून. तुम्ही ते दोन वाक्यात उरकलं." तिनं ओढणी आणखी खाली ओढली. "माझी सोयरीक मोडताना तिकडचे हेच म्हणले."

"बाई, कुणाच्या म्हणायच्या तुम्ही?" कस्तुराबाई मध्येच म्हणाली.

"कांबळे."

कस्तुराबाईनं आपली घागर जवळ ओढून घेतली. बाईंनी नजर टँकरवर ठेवली. ही हालचाल त्यांना लहानपणापासून पाठ होती.

सिंधुनं ते पाहिलं. तिची घागर भरली होती.

"बाई, हात लावा."

"सिंधे, अगं पाणी..."

"काकू, पाणी माझं हाय."

बाईंनी दोन्ही हातांनी घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं. दोघी घराच्या वाटेला लागल्या.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "त्या अर्ध्या बाईचा तास उद्या तू घे."

"पोरं हसतील."

"हसू देत. मी मागं बसते, त्या पोराच्या शेजारी."

सिंधुला हसू फुटलं. घागर हिंदकळली, ओढणी मागं घसरली. एक हात घागरीला होता. ओढणी सावरायला दुसरा मोकळा होता. तो तिनं तसाच राहू दिला.

"येते, बाई," ती म्हणाली.