उत्तरेकडे तोंड करून

नागपूरहून कॅनडात येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. रिचमंड हिलला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बेसमेंटमध्ये मी राहत होते. घरमालक अंकल इराणमधल्या अहवाजचे, मांडियन धर्माचे. वाहत्या पाण्याला पवित्र मानणारे आम्ही मूठभर लोक, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आंटींना विसरण्याचा आजार. त्या बोलत नसत, नवऱ्यालाही ओळखत नसत.

रोज पहाटे माझ्या डोक्यावर, किचनमध्ये नळ सुटायचा. मग आवाज यायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा वाटावा असा कोवळा. घरात तर लहान मूल नव्हतं. दर ओळीनंतर तो थांबायचा, कुणाचं तरी ऐकून घ्यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मी पांघरुणात श्वास रोखून पडून राहायचे.

फोनवर वेळ बघायला लागले तेव्हा अंगावर काटाच आला. आवाज रोज एखाद-दोन मिनिटं अलीकडे सरकत होता. मार्चमध्ये इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढे केली, त्या सकाळी तो तासभर उशिरा आला. त्याला घड्याळ माहीतच नव्हतं. उजाडायच्या आधीची वेळ तेवढी कळत होती.

त्याच आठवड्यात घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मी म्हटलं, "अंकल, पहाटे तुमची प्रार्थना चालते ना, ती जरा हळू कराल का?"

त्यांचं फावडं थांबलं. "माझी? अहवाज सोडल्यापासून मी प्रार्थना केलेली नाही. आणि रात्री मी कानातलं मशीन काढून झोपतो."

दुसऱ्या पहाटे आम्ही दोघं किचनच्या दारात उभे राहिलो. अंधारात आंटी सिंकपाशी होत्या, डोक्यावर पांढरा टॉवेल. नळाखाली त्यांनी तोंड धुतलं, कान धुतले, गुडघ्यांना पाणी लावलं. मग कोऱ्या भिंतीकडे वळून त्या कोवळ्या आवाजात म्हणू लागल्या.

"भिंतीकडे का बघतात?" मी कुजबुजले.

"ती उत्तर दिशा. आम्ही उत्तरेकडे तोंड करून म्हणतो." अंकल म्हणाले. "हिला या घरातली वॉशरूमसुद्धा सापडत नाही गं."

"आणि मध्ये मध्ये थांबतात त्या?"

"लहानपणी तिच्या वडिलांनी नदीवर शिकवलं. एक ओळ ते म्हणायचे, एक ही." समोर आंटी थांबल्या, तसे अंकल म्हणाले, "आता ते म्हणतायत."

त्या दिवशी मी ऑफिसला जाताना, परतल्यावर अंधारात शिरायला नको म्हणून, बेसमेंटचे दिवे चालू ठेवून गेले.

पुढे अंकलही पहाटे आंटींच्या शेजारी उभे राहू लागले. आठवेल तेवढं म्हणायचे, चुकायचे. एकदा वरून आंटींचा चढलेला आवाज आला. संध्याकाळी अंकल मुद्दाम खाली आले.

"आज माझ्याशी बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, नीट म्हण."

"ओळखलं तुम्हाला?"

"छे! तिला वाटतं, मी तिच्या वडिलांकडे शिकायला येणारा ढ मुलगा आहे." ते हसत होते. मी त्यांना चहा करून दिला.