लॉगिनचं नाव

"जे, ए, एन, जी, एल, आय. टाइप कर आणि एंटर दाब," सर म्हणाले.

मी एकेक अक्षर शोधून दाबलं. शेवटचं दाबलं तेव्हा कळलं, काय लिहिलंय ते. जंगली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी लॅब हसली.

नाशिकमधली एक खासगी संस्था. कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम कशी टाकायची, कशी सांभाळायची, याचा कोर्स. माझी फी आदिवासी योजनेतून भरलेली. लॅबच्या सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं सरांनीच उघडलं होतं. बाकीच्यांना त्यांची आडनावं. मला हे.

"सर, माझं नाव..."

"अगं, गंमत आहे. सुरगाण्याची ना तू? एवढं काय मनाला लावून घेतेस!"

मी एंटर दाबलं. त्या एंटरचा मला अजून राग येतो.

मग रोज तेच. स्वतःच्या हातांनी स्वतःला शिवी लिहायची, तेव्हा मशीन आत घेणार. मला आजीचं नाव ठेवलंय. ती गेली आणि वर्षाच्या आत मी जन्मले, म्हणून घरात सगळे म्हणाले, म्हातारी परत आली. बाप रागावतानासुद्धा मला 'आय' म्हणतो. त्या आजीला मी रोज सकाळी जंगली लिहीत होते.

धूळ नको म्हणून लॅबबाहेर चपला काढायच्या. माझ्या चपला कोणीतरी पायानं लांब सरकवलेल्या असायच्या. रोज. डबा मी जिन्यात खायची. शेजारी बसायला कोणी नसायचं.

बाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला होता. एकदा माझ्या वसतिगृहावर आला.

"जमतंय ना, आय?"

"जमतंय."

नावाचं त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं असतं, "मग तू काय म्हणालीस?"

पण काम मला खरंच जमत होतं. डिस्कचे भाग पाडायचे, ते फॉरमॅट करायचे, सीडी घालायची आणि फाइली उतरेपर्यंत बसून राहायचं. इतरांना ते बसणं कंटाळवाणं वाटायचं, ते चहाला जायचे. मला तेवढा वेळ फार बरं वाटायचं. कोरी मशीन मला ओळखत नव्हती, म्हणून हसतही नव्हती.

परीक्षेला अशीच कोरी मशीन मिळाली. सिस्टीम टाकायची, नेटवर्क जोडायचं, स्वतःचं खातं उघडून आत जाऊन दाखवायचं. सगळं नीट झालं. खात्याच्या नावापाशी मी थांबले. मग माझं नाव टाकलं. पुढे बापाचं. पुढे आडनाव.

सर मागे येऊन उभे राहिले.

"हे काय? तुझं लॉगिन हे नाही."

"माझं नाव हेच आहे."

"माझ्या रेकॉर्डला जे आहे ते टाक. नाहीतर प्रॅक्टिकलला शून्य."

शून्य म्हणजे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे नोकरी नाही. मला सगळं कळत होतं.

"नाही टाकणार."

"काय?"

"नाही टाकणार, सर. द्या शून्य."

त्यांनी वाकून मागची वायर उपसली. स्क्रीन काळी झाली. या वेळी कोणी हसलं नाही.

मी टेबलाखाली शिरले. वायर पुन्हा लावली. बटण दाबलं. मशीननं बराच वेळ डिस्क तपासली. सर तिथंच उभे, मीही उभीच. मग तिनं नाव विचारलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. तिनं आत घेतलं.

शून्यच मिळालं. प्रमाणपत्र मिळालं नाही. पुढे फार वर्षं दुकानांतले बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरले, तेव्हा कुठे एका कचेरीनं सर्व्हर माझ्या हाती दिला. तिथंही डबा एकटीच खाते. "गंमत केली" म्हणून कोणी काही बोललं तर मी हसत नाही, म्हणून मला खडूस म्हणतात. म्हणोत.

माझं नाव मी सांगेन तेच राहील. ज्या मशीनला ते चालणार नाही, ती मी पुसून पहिल्यापासून उभी करीन.