दोष कानशीला

गल्लीत बातमी अशी होती की आमच्या किल्लीवाल्या आत्याने हार्टच्या गोळ्या खिडकीतून फेकल्या आणि आता ती नुसत्या जांभळ्या पावडरीवर जगते. इस्त्रीवाले काका ही बातमी सांगताना आधी इस्त्री उभी करायचे आणि मग दबक्या आवाजात, पण पलीकडच्या चार दुकानांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बाई गेली हो हाताबाहेर!"

साफ खोटं. आत्याने एकही गोळी चुकवली नव्हती. तिचं हृदय मध्येच उधळायचं. आधीच्या गोळ्यांना त्याने जुमानलं नाही, या गोळीने कुठे ते ताळ्यावर आलं. पावडर होती, पण गोळीच्या जोडीला. ती औषधवाल्याने गळ्यात मारलेली. तो एका दमात म्हणायचा, "घ्याताईअँटिऑक्सिडंटआहेपेशींचागंजजातो!" जन्मभर कुलपांतला गंज काढणारी बाई, ती फसणारच.

खरी भानगड बोटांची होती. सकाळी ती सुजून आखडलेली असायची. आता किल्ल्या घासणाऱ्यांत बोटं दुखणं म्हणजे काही विशेष नाही, कुणाचीही दुखली की दोष कानशीला. आत्यानेही तेच केलं. कानशीच्या मुठीला कापड गुंडाळलं, किल्ली आवळून धरायचा शेगडा वर घेतला, स्टूल बदललं, मग जुनंच परत आणलं. दिवसभर ऊठ-बस, ऊठ-बस. किल्ली हातातून निसटली की माझ्यावर खेकसायची, "तू काय बघतेस? घरी अभ्यास नाही?" बोटं गेली की दुकान गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गिऱ्हाईक आलं की हात आधी ॲप्रनमध्ये.

शेवटी बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला तपासणीला घेऊन गेले. मीही मागे लागून गेले.

"आणखी काही त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! छाती अगदी शहाण्यासारखी वागते."

"आणि बोटं?" मी मध्येच म्हटलं.

"गप गं! ते दुकानाचं आहे. हार्टच्या डॉक्टरांना कुणी बोटं दाखवतं का?"

बाईंनी दाखवायला लावली. रक्त तपासलं. पुढच्या खेपेला त्या जे बोलल्या ते मी नाकात बोलून हुबेहूब करते: "ही गोळी काही जणांत शरीराच्या पहारेकऱ्यांनाच भडकवते. मग ते आपल्याच सांध्यांवर चालून जातात."

"मग मी पावडर दुप्पट घेते," आत्या घाईघाईने म्हणाली. "गोळी तेवढी काढू नका हो. परत छाती उधळली तर?"

"कुठली पावडर?"

आत्याने सांगितलं.

"प्रयोगशाळेत अशा गोष्टींचा थोडाफार उपयोग दिसतो, पण माणसांत भरवसा नाही. गोळी बदलायची, तीही तुम्हाला इथे दाखल करून, माझ्या डोळ्यांसमोर. स्वतःहून काही बंद करायचं नाही. आणि पावडर घेता हे आधी का नाही सांगितलं?"

"ते काय औषध आहे?"

बाबांनी कपाळाला हात लावला.

दवाखान्यात आत्याने सगळ्यांना वेठीस धरलं. छातीला तारा लावलेल्या, तरी पलंगाचं ढिलं चाक बघायला वाकली आणि यंत्र बोंबलायला लागलं. नर्स धावत आली, तर ही म्हणते, "मी ठीक आहे, तुमचा पलंग आजारी आहे."

नवी गोळी लागू पडली. अजून कधीतरी ठोका चुकतो, मग ती बोलता बोलता थांबते आणि आम्ही सगळे श्वास धरून तिच्याकडे बघतो. बोटं मात्र हट्टी. महिनाभर बाबाच किल्ल्या घासत होते आणि ती मागे उभी राहून त्यांचं डोकं खात होती.

परवा एक म्हातारे गृहस्थ दागिन्यांची छोटी पेटी घेऊन आले. किल्ली हरवलेली, कुलूप नखाएवढं. बाबांनी हात पुढे केला.

"सरक," आत्या म्हणाली.

"आत्या, नाही जमायचं," मी म्हटलं. "पैज! हरले तर आठवडाभर दुकान झाडीन."

तिने बोटं दोनदा उघडमीट केली, तार आत सरकवली, ओठ चावला. तार निसटली. पुन्हा सरकवली. मग टक् झालं आणि झाकण वर आलं.

पितळेचा कीस केरसुणीला कसा चिकटतो, हे मला आता चांगलंच कळलंय.