साईडपट्टी

धुळ्यात माझं ड्रायव्हिंग स्कूल होतं, तेव्हा फौजेतून सुटून आलेले ड्रायव्हर नेहमी यायचे. त्यांना गाडी शिकवायची गरज नसे. गावातली गर्दी, बैलगाड्या, मध्येच आडव्या येणाऱ्या सायकली यांची सवय करून द्यायची, आरटीओचे कागद भरायचे आणि एखाद्या मालकाकडे शब्द टाकायचा, एवढंच माझं काम.

लंकेत गेलेली आपली फौज परतली त्याच्या पुढच्या वर्षी अमळनेरकडच्या खेड्यातला असाच एक गडी बायकोला घेऊन आला. पस्तिशीचा, दाढी घोटलेली, बुटांना पॉलिश. तो बाहेर स्कूलच्या ट्रकचे टायर बघायला गेला तेव्हा बायको हळूच म्हणाली, “भाऊ, त्यास्ले गाडीवर बसाडा. बठ्ठा दिन भीतकडे देखत बसतस.” दिवसभर भिंतीकडे बघत बसणाऱ्या नवऱ्याला गाडीवर बसवा, एवढंच तिचं मागणं.

गाडी तो सुरेख चालवायचा. मला ‘उस्ताद’ म्हणायचा, फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं. पहिल्याच दिवशी आम्ही अमळनेर रस्त्याला लागलो. तेव्हा तिथलं डांबर एका गाडीपुरतंच होतं. समोरून कोणी आलं की दोघांनीही एकेका बाजूची चाकं मातीच्या साईडपट्टीवर उतरवायची. समोरून एसटी आली. हा उतरेना. मी ओरडलो तरी उतरेना. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबून धरला, एसटी पूर्ण खाली गेली आणि तिचा ड्रायव्हर आम्हाला आईवरून शिव्या देत निघून गेला.

“चाक खाली का नाही घातलं?”

“कच्चे पे नहीं, उस्ताद.” स्टिअरिंग घामाने ओलं झालं होतं.

बाभळीखाली पाणी पिताना तो बोलला. लंकेत सुरुंग रस्त्याच्या कडेला पुरलेले असत. ताफ्यातली पहिली गाडी समोरच्या ट्रॅक्टरला जागा द्यायला खाली उतरली होती. “माझा नंबर दुसरा होता,” तो म्हणाला.

मग मला जे सुचलं ते मी केलं. रोज सकाळी ट्रकमधून उतरून साईडपट्टीवरून पुढे चालायचो, आणि तो पहिल्या गिअरमध्ये, डावं चाक माझ्या पावलांवर ठेवून मागे यायचा. शेतावर निघालेल्या बाया आम्हाला बघून हसायच्या. पहिल्या दिवशी अर्धा फर्लांग आला आणि दार उघडून ओकला. तीन आठवड्यांनी एसटी आली की तो खाली घेऊ लागला, पण मी शेजारी बसून “उतर” म्हटलं तरच. हे मला ठाऊक होतं.

त्याच सुमारास बायको टोपलीभर वांगी घेऊन आली. तो आता जेवतो, पोरींशी बोलतो, म्हणाली. मलाही वाटलं, झालं. आरटीओची परीक्षा गावातच होती, त्यात तो एकही चूक न करता पास झाला. जळगावला माझ्या ओळखीच्या एकाचे केळीचे ट्रक होते. त्याला मी सांगितलं, “डोळे झाकून गाडी द्या.”

दोन महिन्यांनी एरंडोलजवळ एका आडरस्त्यावर समोरून कापसाचा ट्रक आला. हा डांबरावरून हलला नाही. कापसाच्या ट्रकने शेवटच्या क्षणी बाहेर घेतलं, आणि तिथे साईडपट्टीवरून एक बैलगाडी चालली होती. गाडीवाला आणि एक बैल जागीच गेले. याच्या ट्रकला ओरखडासुद्धा नव्हता. लोक धावत आले तेव्हा हा केबिनमध्येच बसून होता.

हवालदार चौकशीला माझ्याकडे आला. “तुमच्याकडेच शिकला ना? चालवण्यात काही दोष?”

“नाही,” मी म्हणालो.

त्याला वाचवायला तसं म्हणालो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझ्या परवान्याची भीती वाटली होती. त्याच्या वकिलाला मी सगळं सांगितलं ते शिक्षा झाल्यावर. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “हे आधी का नाही बोललात? लष्कराच्या डॉक्टरांकडे तपासणी मागितली असती. कोर्टासमोर निदान ते तरी आलं असतं.”

वर्षभराने तो गडी तुरुंगातून सुटला. मी त्याच्या गावी गेलो. अंगणात कपाशीची बोंडं वाळत घातली होती. बायको दारात आली, तिने तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो.

“आहेत का?” मी विचारलं.

“घरमाच शेतस,” घरातच असल्याचं तिने सांगितलं, पण ती दारातून बाजूला झाली नाही.

आत कोणीतरी खोकलं. मी तांब्या ओट्यावर ठेवला आणि एसटी स्टँडकडे निघालो.