करंजाखालची रेती

“मॅडम, तुमी मातीच्या डॉक्टर ना? मंग सांगा याह्यले, झाडं तोडू नका म्हनून.”

सुमन माझा रस्ता अडवून उभी होती. वडनेरकडच्या एका गावातली शेतकरी बाई. तिच्यामागे नदीचा रेताड काठ आणि त्यावर शेजारी शेजारी तीन जुने करंज. फुलांचा बहर चालू होता. खाली लाह्या सांडाव्यात तसा सडा पडला होता.

नातवंडांनो, तुमच्या आजीचं काम आयुष्यभर मातीचंच. पूल, भिंत, इमारत, जे काही उभं करायचं ते खालची जमीन पेलेल का, हे तपासायचं. निवृत्तीनंतरही कोणी बोलावलं तर जाते. इथे काठ ढासळत होता, म्हणून गॅबियन घालायचं ठरलं होतं. गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत.

सुमनची सात महिन्यांची मुलगी मधल्या करंजाच्या बुडाशी पुरलेली होती. या भागात तान्ह्या मुलांना जाळत नाहीत. गाव त्यांना इथेच आणतं. रेती खणायला सोपी जाते आणि करंजाच्या मुळांमुळे कुत्र्यांना उकरता येत नाही.

मी या कामावरच्या डेप्युटी इंजिनिअरला बाजूला घेतलं. तो पूर्वी माझ्या हाताखाली होता.

“आधी दगड रचा. झाडं पावसाळ्यानंतर बघू. रेतीला स्वतःची पकड नसते. आत्ता हा काठ मुळांनीच धरलाय.”

“मॅडम, एस्टिमेटमध्ये पहिला आयटम साइट क्लिअरन्स आहे, झाडं काढून जागा मोकळी करायची. तो झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही.”

“कागदावर.”

“बिलंही कागदावरच निघतात, मॅडम.”

“निदान बुडं तरी जमिनीत राहू द्या.”

मागून आलेला कॉन्ट्रॅक्टर हसला. “बुडं ठेवली तं क्लिअरन्स पुरा धरत नाई जी. तुमाले तं सारं मालूम हाय.”

मालूम होतं. मी लेखी मत दिलं. त्यांनी ते फाइलला लावलं आणि झाडं तोडली. कडेची दोन बुडं जेसीबीने उपटली. मधल्या बुडावर सुमन जाऊन बसली. ऑपरेटर खाली उतरला. “हे माह्यानं नाई होत,” म्हणाला आणि मशीन घेऊन निघून गेला.

दगडाचे ट्रक यायचे होते. त्याआधी पाऊस आला.

पूर ओसरल्यावर मी गेले. करंजांच्या जागी नदी होती. मधलं बुड काठाच्या मोठ्या ढेपेसकट वाहून गेलं होतं. सुमन तिथेच उभी होती.

“मधलं तं ठेवलं होतं ना, मॅडम. मंग काऊन गेलं?”

मी तिला खरं ते सांगितलं. तिन्ही झाडांची मुळं एकमेकांत गुंतली होती, म्हणून काठ टिकला होता. दोन उपटली तेव्हा तिसऱ्याभोवतीची रेती सैल झाली.

“असं व्हय,” ती म्हणाली आणि शेतांमधल्या पांदणीने घराकडे चालू लागली.

दिवाळीनंतर गॅबियन बांधलं. काम चांगलं झालंय, मी तपासलंय. आणखी बरेच पूर ते सहज झेलेल. सुमन तिकडे फिरकत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे काठाचं एस्टिमेट तपासायला आलं, की झाडतोडीचा आयटम मी सर्वांत शेवटी टाकते. ऑफिस ‘क्रम चुकला’ असा शेरा मारून परत पाठवतं. मी तसंच पुन्हा पाठवते.