वजा कशामुळं

कारण कळल्याशिवाय ती सूत्र वहीत उतरवत नसे. ताडकळसला माझ्या अकरावीच्या गणिताच्या तासाला बाकीचे फळ्यावरचं पटापट लिहून घेत आणि ही पेन खाली ठेवून उभी राही. "कशामुळं, सर?" पोरांनी तिचं नावच 'कशामुळं' पाडलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे.

दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली, ती थेट परीक्षेच्या तोंडावर परतली. हातांवर पाचटाचे ओरखडे होते. रेषांचा अख्खा धडा बुडाला होता. पुढच्या वर्षी पुन्हा बस, असं मी तिला सगळ्यांदेखत सांगितलं. तिनं मैत्रिणीची वही मागून घेतली आणि बाकावर बसली.

उजळणीच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं: लंब रेषांच्या चढांचा गुणाकार वजा एक. एकीचा चढ, म्हणजे उभं अंतर भागिले आडवं, दोन छेद तीन, तर दुसरीचा वजा तीन छेद दोन. ती उठली. "उलटं व्हतंय ते वाचलं, सर. पण वजा कशामुळं?" मी त्रिकोणमितीची सिद्धता भराभरा लिहिली. तिचं समाधान होईना. मग उद्या तूच सांग, मी वैतागून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती आलेखाचा कागद घेऊन पुढे आली. तीन घरं उजवीकडे, दोन घरं वर, अशी रेष त्यावर ओढलेली होती. आरंभबिंदूवर बोट टेकवून तिनं कागद डावीकडे काटकोनात फिरवला. "आता बगा. आडवे तीन व्हते ते उभे झाले. उभे दोन व्हते ते आडवे झाले, पण डावीकडं गेले. म्हणून वजा."

मी खोडा घालून पाहिला. दोन्ही अक्षसुद्धा लंबच की, त्यांचं काय? तिनं उभ्या अक्षावर बोट ठेवलं. उभी रेष आडवी सरकतच नाही, मग उभ्याला भागायचं कशानं, म्हणाली. तिथं हा नियम लागूच होत नाही.

वीस वर्षं मी ते सूत्र शिकवत होतो. दिसलं मात्र त्या दिवशी. पुन्हा बस म्हणालो ते माझं चुकलं, हेही मी सगळ्यांदेखतच सांगितलं. ती पास झाली, तीही चांगल्या गुणांनी.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघाला, तेव्हा मी फाट्यावर होतो. तिचे वडील जवळ आले. "सर, औंदा आमी दोघंच जायलोत. पोरगी मावशीपाशी ऱ्हाईल. ध्यान असू द्या."

आज ती एका कॉलेजात गणित शिकवते. मला मात्र ती सकाळच आठवते. ट्रक दिसेनासा होईपर्यंत ती फाट्यावर उभी राहिली, मग दप्तर खांद्याला अडकवून शाळेकडे चालू लागली. पहिला तास माझा होता. मी तिच्या मागोमाग वर्गात गेलो.