उजवीकडची पट्टी

एका आर्किटेक्टने मला फसवलं. मी त्याच्याकडे ड्राफ्ट्समन होतो, तो माझा साहेब होता. माझ्या हाताने काढलेल्या नकाशांवरून त्याने माझं नाव काढून टाकलं, आणि तेही माझ्याच हाताने कापायला लावून. सुरुवातीलाच हे सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी आडून बोलतो.

आमचं घर वसईच्या खाडीकडच्या गावात. वडील भात आणि थोडी भाजी करत. मी आयटीआयमधून ड्राफ्टिंग शिकलो आणि नव्वदच्या दशकात, जेव्हा नालासोपारा पूर्वेला रोज कुठे ना कुठे पाया खणला जात होता, तेव्हा तिथल्याच आचोळ्यात या साहेबांच्या ऑफिसात चिकटलो. साहेब राहायला मुंबईत. आठवड्यातून एकदा यायचे, सह्या करायचे, चहा प्यायचे, जायचे. प्लॉटवर टेप घेऊन मी जायचो. जिना कुठे घ्यायचा, संडासाचा पाइप कुठून उतरवायचा, दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराला उजेड कसा द्यायचा, हे मी ठरवायचो. साहेब पाहायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. कधी एखादी खिडकी सरकवायचे. ते शिकलेले होते आणि सही त्यांचीच चालायची, याबद्दल माझी तक्रार नव्हती. माझं एवढंच होतं की नकाशावर माझं नाव असावं. प्रत्येक शीटच्या उजव्या कडेला उभ्या पट्टीत ऑफिसचं नाव, कामाचं नाव, स्केल, आणि सगळ्यात खाली, चौकोनात, 'रेखन' म्हणून माझं पूर्ण नाव. अक्षर माझं चांगलं होतं. ती पट्टी मी नकाशाइतकीच जपून काढायचो.

आमचे सगळे नकाशे चोवीस बाय छत्तीस इंचाच्या ट्रेसिंग पेपरवर असत. रोल चोवीस इंची मिळायचा, तीन फूट लांब कापायचा, झालं. कुणी त्याचा विचार केलेला नव्हता.

मग साहेबांनी एके दिवशी सांगितलं की हे बंद. यापुढे सगळं ए-वन साइजवर, आणि जुने नकाशेही कापून ए-वन करायचे. ऑफिसच्या कामांचा एक अल्बम बनवायचा होता, मोठ्या बिल्डरांना दाखवायला. त्यांनी मला कोऱ्या कागदावर समजावून दिलं. ए-वनची घडी घातली की ए-टू होतो, त्याची घडी घातली की ए-थ्री, आणि दर वेळी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. म्हणून ए-वनचा नकाशा मशीनवर ए-थ्रीमध्ये छोटा केला की बरोबर अर्धा होतो. एकास पन्नासचा नकाशा एकास शंभर होतो, पट्टी लावून मोजता येतो. आमच्या चोवीस बाय छत्तीसला ए-थ्रीच्या कागदात बसवायचं तर एका बाजूला पांढरी पट्टी उरते आणि स्केल भलतंच काहीतरी येतं. हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कागदाबद्दल त्या माणसाने मला एकही शब्द खोटा सांगितला नाही. आजही माझ्या ऑफिसात मी पोरांना हेच शिकवतो, त्याच शब्दांत, आणि शिकवताना तोंड कडू होतं.

चोवीस बाय छत्तीसचा ए-वन करायचा म्हणजे उंचीतून जेमतेम बोटभर आणि लांबीतून जवळजवळ तीन इंच काढावे लागतात. साहेब म्हणाले, "उजवीकडून काप. ती जुनी पट्टी तशीही जाऊ दे, नवीन लेबल छापतोय मी. सगळं त्यावर येईल."

मी भांडलो. पण कशावरून? शीट कापणं हे ड्राफ्ट्समनचं काम नाही, यावरून. मी तापट माणूस आहे, आणि सौदा करायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो. विटावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे साक्षीदार आहेत. मी साहेबांना म्हटलं, कपाटभर नकाशे ब्लेडने कापायचे, एकाची कड वाकडी गेली तर तुम्ही मलाच बोलणार, मग मला यातून काय? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी मी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. एक, ऑफिसातला जुना ड्रॉइंग बोर्ड, स्टँडसकट. दुसरी, अल्बमची एक प्रत माझ्यासाठी, स्वतःची, कारण मला पुढेमागे स्वतःचं काम सुरू करायचं होतं आणि दाखवायला काहीतरी हवं होतं. साहेब हसून म्हणाले, "तू वाण्याच्या घरात जन्मायला हवा होतास." मला ती शाबासकी वाटली. बोर्ड रिक्षाच्या टपावर बांधून मी गावात आणला तेव्हा वाटेत भेटेल त्याला सांगत होतो की साहेबाला कसा वाकवला.

मग मी कापायला बसलो. स्टीलची पट्टी, नवीन ब्लेड, खाली काच. ट्रेसिंग पेपर कापताना ब्लेडचा बारीक, कोरडा आवाज येतो. एकही कड वाकडी गेली नाही. कापलेल्या पट्ट्यांची चळत झाली, आणि मला काही फुकट टाकवत नाही म्हणून ती मी दोरीने बांधून घरी नेली. आई त्या पट्ट्या न्हाणीच्या चुलीत घालायची. ट्रेसिंगचा कागद झरझर पेटतो. तिला ते फार आवडलं. "तुझा कागद बरा रे," म्हणाली, "पानी लगेच कढत होते." माझं नाव लिहिलेल्या त्या पट्ट्यांवर तापलेल्या पाण्याने मी आंघोळ करून कामाला जात होतो.

त्या दिवसांत मनवेलपाड्याला एक बिल्डर होता. आपल्यातलाच, शेतकऱ्याच्या घरचा, जमीन स्वतःची. चार-पाच बिल्डिंगांचं कॉम्प्लेक्स काढायचं त्याच्या मनात होतं. माझी त्याची ओळख एका साइटवर झाली होती. तो म्हणाला, मुंबईचा साहेब मला नको, आठवड्यातून एकदा उगवतो. तूच सगळं करतोस असं लोक सांगतात, तर तुझं काम दाखव, नकाशे तू काढ, सहीपुरता कुणीही गाठू. माझं आयुष्य बदलेल असं काम होतं ते. त्या कामावर मी स्वतःचं ऑफिस उघडणार होतो, बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं.

लेबलं चिकटवणं आणि अल्बमच्या प्रती, दोन्ही साहेबांनी मुंबईत करून घेतलं, कारण ए-वनचा ए-थ्री करणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. माझी प्रत त्यांनी दिली आणि त्याच दुपारी मी बिल्डरकडे गेलो. तुम्ही म्हणाल, आधी उघडून पाहिली नाहीस? पाहिली. पण ड्राफ्ट्समन नकाशात काय पाहतो? रेषा. छोटा केल्यावर बारीक रेषा टिकल्या का, मापांचे आकडे भरून काळे तर झाले नाहीत, भिंतीची जाड रेषा जाडच राहिली का. सगळं सुंदर आलं होतं. मी पान न् पान उलटलं आणि कोपऱ्याकडे माझी नजर गेलीच नाही.

बिल्डरच्या केबिनमध्ये तो होता आणि त्याचा मेव्हणा होता. अल्बम टेबलावर उघडला. मी जिना दाखवला, उजेडाची सोय दाखवली. तो ऐकत होता. मग त्याने चष्मा वर करून खालचा कोपरा वाचला. पुढचं पान, पुन्हा कोपरा. पुन्हा पुढचं.

"भाऊ," तो म्हणाला, "हे तर तुझ्या साहेबांचं आहे. तुझं कुठाय?"

मी म्हटलं, सगळंच माझं आहे, मीच काढलंय.

"अहो, असं असेल तर ताजमहालाचा नकाशा पण माझाच," मेव्हणा म्हणाला आणि पानाची पिंक टाकायला उठला.

मी वाकून पाहिलं. प्रत्येक पानावर छापील लेबल होतं, त्यावर साहेबांचं नाव, दोन वेळा. 'आर्किटेक्ट' म्हणून एकदा आणि 'रेखन'पुढे एकदा.

बिल्डर काही वाईट माणूस नव्हता. शहानिशा करावी म्हणून त्याने माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते त्याच्या तोंडून कळलं. तो फोन ठेवून म्हणाला, "ते म्हणतात, पोराचा हात चांगला आहे, पण डिझाइन सगळं ऑफिसचं." मग माझ्यापुढे चहा सरकवला. लोक दया आली की चहा सरकवतात.

माझा आवाज कसा आहे हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी चहा प्यायलो, अल्बम पिशवीत घातला आणि निघालो. तो चहा मी का प्यायलो, हे मला आजही कळत नाही.

पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "स्टँडर्ड साइज आहे, त्यात मी काय करू? आणि कापलंस तर तूच ना." दाखवायला पट्टी नव्हती. ती न्हाणीत जळून गेली होती. मनवेलपाड्याचं काम साहेबांना मिळालं. ते कॉम्प्लेक्स मी काढलं, त्यांच्या टेबलावर बसून, ए-वनवर, त्यांच्या लेबलाखाली. घरी दोन लहान मुलं होती. आज त्या बाजूला गेलं की मुलगा विचारतो, बाबा, हे खरंच तुम्ही काढलंय? मी हो म्हणतो. माझ्याच मुलाला मी ते शपथेवर सांगितल्यासारखं वाटतं.

नंतर मी बाहेर पडलो, स्वतःचं ऑफिस टाकलं, चाललंही. पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. कुणाचा तरी जुना चोवीस बाय छत्तीसचा नकाशा ए-वन करायला माझ्याकडे आला. सवयीने मी स्टीलची पट्टी उजवीकडे लावली, आणि थांबलो. डावीकडे बाइंडिंगसाठी सोडलेली कोरी जागा होती, जवळजवळ तीन इंच. माझ्याही प्रत्येक शीटवर तशी जागा असायची, मीच सोडायचो. तिथून कापलं असतं तरी ए-वन झाला असता. पंच करायला ए-थ्रीवर थोडी जागा कमी पडली असती, एवढंच. बोर्डासाठी तासभर भांडणाऱ्या मला त्या दिवशी एक प्रश्न सुचला नव्हता: कुठल्या बाजूने? तो बोर्ड अजून माझ्या घरात आहे. मुलं त्यावर अभ्यास करून मोठी झाली. मी त्याच्यापुढे बसत नाही.

साहेब हयात आहेत, थकलेत, पण बोलता येतं. मला त्यांच्याकडून माफी नको, काम नको, काही नको. डावीकडे कोरा कागद पडलेला असताना तुम्ही मला उजवीकडून का कापायला लावलं, एवढंच त्यांनी सांगावं. आणि ते फोनवर नको. वसईला माझ्या घरी यावं, त्या बोर्डासमोर उभं राहावं, आणि माझ्या मुलांच्या देखत सांगावं.